डॉक्टर ‘आयएमए’चे सदस्य आहेत, पण नोंदणी कुठे आहे? ऑनलाइन शोधताना होणारा घोळ

मागच्या महिन्यात मावशीने व्हॉट्सॲपवर एका व्हिजिटिंग कार्डचा फोटो पाठवला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरत होतं. खाली एकच ओळ, “तू दिवसभर कॉम्प्युटरवर असतोस ना, मग हा डॉक्टर खरा आहे का ते बघून सांग.”

कार्डावर नावापुढे एमबीबीएस, एमएस, त्यानंतर दोन फेलोशिपची आद्याक्षरं आणि खाली तीन संघटनांची आजीव सदस्यत्वं. नोंदणी क्रमांक मात्र कुठेच नव्हता.

गुगलवर नाव टाकलं. आधी नकाशावरचं क्लिनिक आणि साडेचार तारे, मग अपॉइंटमेंट घेण्याच्या दोन साइट्स, मग एका संघटनेच्या परिषदेतला ग्रुप फोटो. सगळ्यात वर एआयने लिहून दिलेला परिच्छेद, ‘हे अनुभवी व नोंदणीकृत अस्थिरोगतज्ज्ञ आहेत’. नोंदणीकृत कुठे, कोणत्या क्रमांकाने, याबद्दल अवाक्षर नाही. तोच प्रश्न एका चॅटबॉटला विचारला, तर त्याने छानपैकी एक क्रमांकही दिला. पुढे तो क्रमांक तपासला तेव्हा कळलं की त्याचा या डॉक्टरांशी काही संबंधच नाही. या यंत्रांना कौन्सिलचं रजिस्टर उघडून बघता आलं नाही, तरी उत्तर द्यायचं थांबत नाहीत. त्यामुळे या कामासाठी त्यांच्यावर विसंबू नका, एवढं पहिल्यांदाच सांगून ठेवतो.

आता मुद्द्यावर येऊ. आपण डॉक्टरांची ‘संघटना’ शोधतो तेव्हा खरं तर आपल्याला वेगळंच काहीतरी हवं असतं. या माणसाला उपचार करायचा कायदेशीर अधिकार आहे का आणि कोणत्या विषयात, हा आपला प्रश्न असतो. त्याचं उत्तर संघटनेकडे नाही, कौन्सिलकडे आहे. नावं सारखी वाटतात, दोन्हीकडे ‘मेडिकल’ असतं, दोन्हीकडे सदस्य आणि अध्यक्ष असतात. पण फरक मोठा आहे.

इंडियन मेडिकल असोसिएशन म्हणजे आयएमए ही १९२८ साली सुरू झालेली डॉक्टरांची ऐच्छिक संघटना. आधुनिक वैद्यकशास्त्राच्या, म्हणजे आपण ज्याला ॲलोपॅथी म्हणतो त्या डॉक्टरांची. मुख्यालय दिल्लीत, राज्य शाखा मुंबईत, आणि तालुक्याच्या गावापर्यंत स्थानिक शाखा. सदस्य व्हायचं की नाही ते डॉक्टरने ठरवायचं. कित्येक उत्तम डॉक्टर तिचे सदस्य नाहीत आणि त्यात काही बेकायदेशीर नाही. आयएमए कोणाला परवाना देत नाही, काढूनही घेऊ शकत नाही. फार तर सदस्यत्व रद्द करेल.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल ही वेगळी गोष्ट. १९६५ च्या राज्याच्या कायद्याने चालणारी ही वैधानिक संस्था. महाराष्ट्रात ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करायची तर तिच्या रजिस्टरमध्ये नाव पाहिजे. ती चौकशी करू शकते, नाव तात्पुरतं किंवा कायमचं वगळू शकते. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. हे पॉइंट ज्या परिषदांमधून आणि व्याख्यानांमधून मिळतात, त्यातल्या बऱ्याचशा भरवतात कोण, तर याच संघटना. कार्डावरच्या सदस्यत्वाला अगदीच अर्थ नाही असं नाही, तो माणूस आपल्या विषयातल्या लोकांमध्ये ऊठबस ठेवून आहे इतकं त्यावरून समजतं. पण ती परवान्याची जागा घेऊ शकत नाही.

इंग्लंडमधल्या आपल्या वाचकांना हे चटकन कळेल. तिथे बीएमए ही डॉक्टरांची संघटना, आणि जीएमसी ही नोंदणी करणारी संस्था. जीएमसीच्या साइटवर नाव टाकलं की सध्या प्रॅक्टिसचा परवाना आहे का, तज्ज्ञांच्या यादीत नाव आहे का, हे एका पानावर दिसतं. आपल्याकडे तसं एक पान व्हावं म्हणून गेली काही वर्षं प्रयत्न चालू आहेत. ते कुठवर आलेत ते पाहू.

एक देश, चार याद्या

पहिली यादी राज्याच्या कौन्सिलची. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने शोधता येतं. २०२५ च्या सुरुवातीला कौन्सिलने ‘नो युअर डॉक्टर’ ही क्यूआर कोडची सोय आणली. डॉक्टरने आपला कोड दवाखान्यात लावायचा, पेशंटने मोबाइलने स्कॅन करायचा, की नोंदणी चालू आहे का ते समजतं. कल्पना चांगली आहे. फक्त एक काळजी घ्या. क्यूआर कोड कोणीही छापू शकतो आणि तो कुठेही नेऊ शकतो. स्कॅन केल्यावर ब्राउझरच्या वरच्या पट्टीत कौन्सिलच्याच साइटचा पत्ता दिसतो ना, ते बघा. दुसऱ्याच एखाद्या पानावर डॉक्टरचा हसरा फोटो आणि हिरवी बरोबरची खूण आली, तर ती खूण त्या पानाच्या मालकाची आहे, कौन्सिलची नव्हे.

दुसरी यादी इंडियन मेडिकल रजिस्टर, जी नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर आहे. सगळ्या राज्यांची नावं एकत्र केलेली ही जुनी यादी. सरकारने २०२४ मध्ये संसदेत सांगितलेला १३ लाख ८६ हजार नोंदणीकृत ॲलोपॅथी डॉक्टरांचा आकडा अशाच नोंदींच्या बेरजेतून येतो. त्याच उत्तरात सरकार एक गृहीतक धरतं, की यातले ८० टक्के डॉक्टर प्रत्यक्ष उपलब्ध असतील. आता हे वाचून थांबा जरा. कोण हयात आहे, कोण परदेशी गेलं, कोणी प्रॅक्टिस सोडली, हे रजिस्टरला नक्की माहीत नाही म्हणून अंदाजाने वीस टक्के वजा करावे लागतात. म्हणजे या यादीत नाव सापडलं तर ‘या नावाच्या माणसाची कधीतरी नोंदणी झाली होती’ एवढंच ठामपणे म्हणता येतं.

हा दोष घालवायला तिसरी यादी आली. नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०१९ च्या कायद्यातच राष्ट्रीय रजिस्टरची तरतूद आहे. त्याप्रमाणे २३ ऑगस्ट २०२४ रोजी नॅशनल मेडिकल रजिस्टरचं पोर्टल सुरू झालं. प्रत्येक डॉक्टरला आधारशी जोडलेला एकच कायमचा क्रमांक मिळणार, राज्य बदललं तरी तोच. कागदावर फारच छान. पण जुन्या यादीतली नावं आपोआप नव्या यादीत जात नाहीत. डॉक्टरने स्वतः अर्ज करायचा, कागदपत्रं चढवायची, मग अर्ज राज्य कौन्सिलकडे जाणार, तिथून गरज पडली तर कॉलेजकडे, मग कमिशनकडे. ज्याची प्रॅक्टिस व्यवस्थित चालू आहे त्याने हा खटाटोप का करावा? पहिल्या वर्षात प्रतिसाद अगदीच थंड राहिला, १३ लाखांच्या मानाने मंजूर नोंदी नगण्य. त्यामुळे या पोर्टलवर तुमच्या डॉक्टरचं नाव दिसलं नाही तर लगेच संशय घेऊ नका. आज तरी बहुतेकांचं नाव तिथे दिसणार नाही.

चौथी यादी आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री. इथे ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्य, परिचारिका असे सगळेच येतात. हीसुद्धा स्वतःहून नाव घालायची यादी. नाव असेल आणि पुढे पडताळणी झाल्याचं दिसत असेल तर उत्तम, नसेल तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

आणि हे फक्त ॲलोपॅथीचं झालं. महाराष्ट्रात बीएएमएस आणि युनानी डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथीची होमिओपॅथीच्या कौन्सिलकडे, दातांच्या डॉक्टरांची डेंटल कौन्सिलकडे. गोव्याचं मेडिकल कौन्सिल वेगळं. सावंतवाडी-दोडामार्गकडून म्हापसा, बांबोळीला उपचारासाठी जाणाऱ्यांनी तिथला डॉक्टर महाराष्ट्राच्या यादीत शोधला तर सापडायचा नाही, आणि त्यात डॉक्टरचा काही दोष नाही.

नाव न सापडणं आणि बोगस असणं

मावशीच्या डॉक्टरांचं असंच झालं. कार्डावरचं नाव जसंच्या तसं टाकलं, शून्य निकाल. क्षणभर मीही दचकलो. मावशीला ‘थांब’ म्हणून मेसेज टाइप करून झाला होता, पाठवायचा राहिला तेवढं बरं. मग फक्त आडनाव टाकलं, इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन प्रकारांनी बदलून पाहिलं आणि तिसऱ्या प्रयत्नाला नाव आलं. कार्डावर वडिलांचं नाव नव्हतं, रजिस्टरमध्ये ते मधे होतं, आणि आडनावात एका अक्षराचा फरक. डॉक्टर अस्सल होते, एमएसची नोंदही होती.

म्हणून नावाने शोधणं हा कच्चा मार्ग आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरणींच्या बाबतीत तर फारच. पदवी माहेरच्या नावाने, पाटी सासरच्या नावाने, आणि रजिस्टरमध्ये यातलं एक. पुन्हा आपल्याकडे कुलकर्णी, पाटील, जोशी इतके, की एका नावाचे चार-पाच सहज निघतील, त्यातला आपला कोणता?

क्रमांकाने शोधा. तो मिळवायला फारसं काही करावं लागत नाही. २००२ च्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात दर्शनी लावायचा आहे, आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पैशाची पावती या सगळ्यांवर लिहायचा आहे. (२०२३ च्या ऑगस्टमध्ये कमिशनने नवे नियम आणले होते. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केल्यावर तीन आठवड्यांच्या आत ते स्थगित झाले, म्हणून आजही २००२ चेच नियम चालू आहेत. परवाना देण्याचा अधिकार नसला तरी संघटनेच्या हातात केवढी ताकद असते ते यावरून दिसेल.) जुनी चिठ्ठी काढून बघा, शिक्क्यात क्रमांक असतो.

क्रमांकाच्या रूपावरूनही थोडं समजतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या अलीकडच्या क्रमांकात साधारणपणे आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असतो. इंग्रजी आय अक्षराने सुरू होऊन ए अक्षराकडे जाणारा क्रमांक दिसला तर तो बहुधा आयुर्वेदाच्या कौन्सिलचा. पाटीवर फक्त ‘डॉ.’ आणि ‘जनरल फिजिशियन’ असेल तेव्हा ही खूण उपयोगी पडते.

क्रमांक टाकल्यावर फक्त नाव जुळतंय का बघून थांबू नका. तीन गोष्टी बघा: नोंदणीची मुदत संपली आहे का, मूळ पदवी कोणती आहे, आणि ज्या विषयातले तज्ज्ञ म्हणून तुम्ही त्यांच्याकडे जाताय त्या पदव्युत्तर पदवीची वेगळी नोंद आहे का. एमडी, एमएस झाल्यावर ती पदवी ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून नोंदवून घ्यावी लागते. रजिस्टरमध्ये फक्त एमबीबीएस आणि पाटीवर हृदयरोगतज्ज्ञ असं दिसलं तर सरळ विचारा. कधी नोंद करायची राहून गेलेली असते, कधी ‘तज्ज्ञ’पण चार महिन्यांच्या कोर्समधून आलेलं असतं.

हे सगळं जास्तच वाटत असेल तर दमोह आठवा. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या या शहरात एका खासगी रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या माणसाला अटक झाली. त्याच्या उपचारांनंतर सात रुग्ण दगावल्याचा आरोप होता. लंडनच्या एका नामवंत हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव त्याने लावलं होतं. त्याच नावाचं, निळी खूण असलेलं ट्विटर खातं २०२३ मध्ये देशभर चर्चेत आलं होतं, आणि ते बनावट असल्याचं तेव्हाच फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी आणि काही डॉक्टरांनी लिहिलं होतं. म्हणजे माहिती इंटरनेटवर पडून होती. रुग्णालयात नेमणूक होताना, किंवा कॅथलॅबमध्ये पेशंट नेताना, ती कोणी बघितली नाही. निळी खूण, फॉलोअर, परदेशी फेलोशिप यातलं काहीही रजिस्टरमधली नोंद नाही. अपात्र माणसाने प्रॅक्टिस केली तर २०१९ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, पण ती शिक्षा होणार घटना घडून गेल्यावर.

रजिस्टरमध्ये कोण? २०२५ चा वाद

कौन्सिल आणि संघटना यांतला फरक महाराष्ट्राने २०२५ मध्ये अगदी रस्त्यावर पाहिला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स आहे, सीसीएमपी. २०१४ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून, हा कोर्स केलेल्यांना ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची औषधं देता येतील अशी वाट मोकळी केली. ३० जून २०२५ ला महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने जाहीर केलं की अशा डॉक्टरांची स्वतंत्र रजिस्टरमध्ये नोंदणी १५ जुलैपासून सुरू होईल. आयएमएने जोरदार विरोध केला, नोंदणी थांबली. सप्टेंबरमध्ये सरकारने पुन्हा नोंदणीचा आदेश दिला, आणि १८ सप्टेंबरला आयएमएने राज्यात २४ तासांचा बंद पुकारला. निवासी डॉक्टरांच्या संघटनाही उतरल्या. कायदेशीर लढाई मुंबई उच्च न्यायालयात होती, ती वेगळीच.

दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं म्हणणं, की आडगावात रात्री-अपरात्री आम्हीच असतो, औषधं आम्ही देतोच, मग ते कायद्याच्या चौकटीत आणून आमच्यावर देखरेख ठेवा. आयएमएचं म्हणणं, की साडेपाच वर्षांच्या शिक्षणाची बरोबरी एका वर्षाच्या कोर्सने होत नाही, आणि पेशंटला समोर कोण बसलंय ते कळणार नाही.

मला यातला शेवटचा मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण तो बराचसा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे. स्वतंत्र रजिस्टर ठेवायचं ठरलं तर सर्चमध्ये ते स्वतंत्र दिसणार का? ‘नो युअर डॉक्टर’चा कोड स्कॅन केल्यावर पदवी, कोर्स आणि औषधं देण्याची मर्यादा मराठीत स्पष्ट येणार, की नुसती हिरवी खूण आणि ‘नोंदणीकृत’? हिरवी खूण दोघांनाही सारखीच मिळाली तर पेशंटच्या लेखी दोघे एकच. कोर्टाचा निकाल कोणत्याही बाजूने गेला तरी स्क्रीनवर काय दिसतं हे कौन्सिलच्या हातात आहे, आणि त्यावर या सगळ्या गदारोळात फारसं कोणी बोललं नाही.

मग संघटना शोधायचीच नाही का?

शोधा ना, पण योग्य कामासाठी. नव्या शहरात बालरोगतज्ज्ञ हवा असेल तर इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची स्थानिक शाखा, स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी फॉग्सीशी संलग्न सोसायटी, फिजिशियनसाठी एपीआय, अशा विषयवार संघटना नावं मिळवायला चांगल्या. आयएमएच्या काही शाखा रक्तपेढ्याही चालवतात, रक्ताची गरज पडली तर तो फोन नंबर जवळ असलेला बरा. नुकतेच एमबीबीएस झालेल्यांनी आपल्या गावच्या शाखेचा पत्ता राज्य शाखेकडूनच घ्यावा. फेसबुकवर एकाच शाखेची तीन-तीन पानं असतात, त्यातलं एक चार वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांचं. सर्चमध्ये ‘इंडियन’, ‘नॅशनल’, ‘इंटरनॅशनल’ अशी भारदस्त नावं घेऊन पैसे भरताच सर्टिफिकेट पाठवणाऱ्या संघटनाही वर येतात. सदस्य होण्यासाठी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक न मागणारी डॉक्टरांची संघटना दिसली की तिथून निघा.

तक्रार करायची असेल तर मात्र संघटनेला पत्र लिहून वेळ घालवू नका. उपचारातल्या हलगर्जीची किंवा गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या कौन्सिलकडे करायची, तीसुद्धा डॉक्टर ज्या पॅथीचा त्या कौन्सिलकडे. चुकीच्या कौन्सिलकडे गेलेला अर्ज परत यायला काही महिने जातात, आणि मग लोकांना वाटतं सगळेच एकमेकांना सामील.

मावशीने शेवटी त्याच डॉक्टरांकडे ऑपरेशन करायचं ठरवलं. पुढच्या भेटीत तिने सरळ विचारलं, “डॉक्टर, कार्डावर तुमचा नंबर का नाही हो?” ते हसले म्हणे. कार्डं छापणाऱ्याने जागा पुरत नाही म्हणून ती ओळ काढली होती आणि सदस्यत्वाच्या तीन ओळी ठेवल्या होत्या. आता नवी कार्डं येणार आहेत.